मेजावरचं 'नको'

कळमनुरीच्या बाजाराच्या कडेला माझी खाणावळ आहे. तिच्यावर पाटी नाही. लोक तिला 'तीनदावाल्याची खाणावळ' म्हणतात, कारण माझ्याकडे तीनदा विचारल्याशिवाय वाढपी पुढच्या पानाकडे सरकत नाही. बाजाराच्या दिवशी घाईतली माणसं यावर वैतागतात. बैलांचा एक दलाल मला म्हणाला होता, "तुमचं तिसऱ्यांदा इचारून होस्तोवर माझे बैल इकून होतेत." तरी तो येतो.

आमच्याकडे जेवणारे एक मास्तर दिवाळीला अंक काढतात. परवा जेवता जेवता ते म्हणाले, "लक्ष्मणराव, तुम्ही हिंगोलीच्या त्या मेजाच्या हॉटेलात होतात म्हणे. त्यावर लिहा की." मी म्हटलं, नको. त्यांनी भात कालवला आणि पुन्हा म्हणाले, लिहा. मी म्हटलं, नको हो. मग त्यांनी ताक पिऊन हात धुतला, चप्पल घातली आणि दारातून वळून विचारलं, "मग लिहिताय ना?" माझ्याच नियमात मी सापडलो.

तर हॉटेलाबद्दल लिहितो. पण त्या हॉटेलात मी एकदा माझ्या बायकोला जेवायला बसवलं होतं, तेही लिहावं लागेल. आजवर कुणी विचारलं की मी साहेबांच्या गमती सांगायचो आणि ते तेवढं गाळायचो. गाळलं की बाकीचं सगळं खोटं वाटायचं, निदान मला तरी.

तेव्हा हिंगोलीला रेल्वे संपायची. पूर्णेहून गाडी यायची आणि पुढं रूळच नसल्यामुळे उतरणाऱ्याला कुठंतरी मुक्काम करावा लागायचा. स्टेशन आणि कापसाचा गंज, म्हणजे बाजार, यांच्या मधल्या पट्ट्यात शहाण्या माणसानं चांगलं हॉटेल काढलं नसतं. एका अंगाला सरकी काढायचे कारखाने, दुसऱ्या अंगाला शिंदीखाना, समोर गाड्या सोडायचं मैदान. हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसायची. शेण, गोमूत्र, शिंदीचा आंबूस वास, गाडीवानांच्या चुलींचा धूर आणि या सगळ्यावर तरंगणारी रुई. दिवस मावळेपर्यंत माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या.

अशा जागी दगडी जोत्यावर एक लांबट बंगला होता आणि आत पांढऱ्या चादरी घातलेली मेजं. मालक पारशी. सगळे त्यांना बावाजी म्हणायचे. हिंगोलीत पूर्वी पलटणीची छावणी होती. ती उठली तेव्हा साहेबांच्या मेसचं सामान लिलावात निघालं, ते बावाजींच्या वडिलांनी घेऊन ठेवलं. निळ्या काठाच्या बशा, हाताला जड लागणारे काटे-चमचे, सूप वाढायची मोठी झाकणाची भांडी. कितीतरी वर्षं ते पेटाऱ्यात गवतात पडून होतं. "सामान होता, म्हणून हॉटेल काढला," असं बावाजी स्वतःच सांगायचे. पाटीवर इंग्रजीत आणि उर्दूत काहीतरी मोठं नाव होतं, पण गावानं ते कधी उचललं नाही. बाकीच्या हॉटेलांत बसायला बाक, इथं मेज, म्हणून मेजाचं हॉटेल.

मी कुरुंद्याचा. घरची हळद, थोरले भाऊ कर्ते. त्या हॉटेलात मी हळदीचं पोतं पोचवायला गेलो आणि तिथंच राहिलो, एवढंच सांगतो. तिथला कारभार बटलरचाचांकडे होता. तरुणपणी ते छावणीतल्या साहेबांच्या मेसमध्ये वाढायला होते. पलटण गेली तेव्हा चाचा गेले नाहीत, आणि बावाजींनी पेटारे उघडले तेव्हा एकेक बशी ओळखीची निघाली म्हणून चाचा रडले होते, असं स्वयंपाकघरात सांगायचे. त्यांनी माझे हात पाहिले. हळदीनं तळवे पिवळेजर्द. "मियाँ, चादर पे तेरा पंजा उठेगा," म्हणाले, आणि हात पांढरे होईपर्यंत मला राखेनं भांडी घासायला लावली. भावांना कळलं तेव्हा थोरल्यानं निरोप धाडला की आपल्या घरात वाढपी झाला तो पंगतीत झाला, हा उष्टं काढायला गेला. समोरचे गाडीवानही सोडत नव्हते. "ए मेजवाल्या, आज सायबानं काय टाकलं?" असं रोज विचारायचे. मी म्हणायचो, "तुमच्यासाठी काय बी न्हाई ठेवलं." पण आतून लागायचं.

धंदा काय होता ते बाहेरच्या माणसाला चार ओळींत सांगतो. वाढायचं डावीकडून, उचलायचं उजवीकडून. आम्ही अनवाणी असायचो, म्हणजे पावलांचा आवाज नको. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, पेल्याकडे बघायचं. काटा आणि सुरी बशीत शेजारी शेजारी निजली की साहेबाचं झालं, तिरपी पडली असली की अजून चालू आहे. हंगामात रुई आत यायचीच. चाचांनी मलमलीच्या रुमालांना कडेनं मणी शिवून भांड्यांवर झाकणं केली होती. तरी एकदा कारखान्याच्या गोऱ्या इंजिनियरच्या सूपवर कापूस उतरला. त्यानं चमच्यानं तो उचलून चाचांना दाखवला. चाचांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाले, "साहब, हिंगोली का मौसम." साहेब हसला आणि सूप प्यायला.

आणि सगळ्यात मोठा नियम विचारण्याचा. चाचांची बोली दखनी, त्यांच्या बोलीत आपलंच 'नको' 'नक्को' होऊन बसलेलं. ते सांगायचे, "मेहमान कू एक बार पूछना. नक्को बोला तो नक्को. दूसरी बार पूछे तो उसकी जबान पे शक किया, समझा?"

आपल्याकडे याच्या बरोबर उलटं. पंगतीत पहिला नको लाजेचा असतो. तो खरा धरणारा वाढपी म्हणजे घरच्या धन्याचा वैरी. मुरलेला वाढपी तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघतो. माणूस नको नको म्हणत पानावर हात आडवा धरतो. बोटं फाकलेली असली तर जागा आहे, वाढायचं. बोटं जुळलेली असली तर खरंच झालं. मी कुरुंद्याला लग्नाच्या पंगती वाढलेल्या, हे सगळं मला माहीत होतं. चाचांनी ते राखेबरोबर घासून काढलं.

यावरून एकदा मोठं प्रकरण झालं. आसपासच्या एका गावचे देशमुख कज्ज्याच्या कामासाठी हिंगोलीला यायचे. घरून चांदीचा तांब्या आणायचे आणि खुर्चीवर मांडी घालून बसायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मी कोफ्त्यांची बशी डावीकडून पुढं केली. ते म्हणाले, नको. मी पुढं सरकलो. पुलाव आणला. नको. नेला. तिसऱ्या वेळी त्यांनी माझं मनगट धरलं.

"काहून रे, येकदा नको म्हणलं की घेऊनच चालला? तुझ्या मायनं तुला कधी वाढलं न्हाई का?"

चाचा धावत आले. त्यांनी वाकून समजावलं की हुजूर, इथला दस्तूर असा आहे. देशमुख म्हणाले, "दस्तूर तुमचा आसंल, भूक माही हाय." सगळं पुन्हा गरम करून आणलं. पुढं देशमुख शिकले. मरेपर्यंत त्या हॉटेलात त्यांनी नको हा शब्द उच्चारला नाही. बशी दिसली की नुसतं म्हणायचे, "ठेव." आम्ही स्वयंपाकघरात ही गोष्ट कितीदा तरी हसून सांगितली असेल. मी घरी गिरजाला सांगितली तेव्हा तीही पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "बिचारा. उपाशी उठला असता की."

गिरजा म्हणजे माझी बायको. साखरा गावची. गंजाच्या मागं, हमालांच्या गल्लीत आमची खोली होती. दुपारचं मेज उरकलं की संध्याकाळच्या आधी मी थोडा वेळ घरी जायचो. ती ज्वारी निवडत बसलेली असायची. मी टेकलो की सुपातून मान वर न करता विचारायची, "आज काय केलं चाचांनी?" मी सांगायचो. कटलेट म्हणजे काय, सूप म्हणजे काय, साहेब मासा कसा सोलतो. तिला सगळ्यात कौतुक अंड्या-दुधाच्या पुडिंगचं. चाचा त्याला कस्टर म्हणायचे. साच्यातून बशीत उलटं केलं की वर जळक्या साखरेचं तांबडं पाणी, आणि बशी उचलली की ते सगळंच्या सगळं थरथरायचं.

"हालतं म्हंजे? जित्तं हाय का काय?"

"तसं न्हाई गं. नरम आसतं म्हून हालतं."

"मग खाताना बी हालतं?"

हे मी खाऊन पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी सोडलेलं आम्ही खात नसू, निदान मी. तेव्हा खाताना हालतं की नाही हे मला सांगता आलं नाही, आणि तिला ते फार गमतीचं वाटलं. रोज हातानं वाढतो आणि चव माहीत नाही. "तुमी बी आमच्या बायांवानीच," म्हणाली. तिच्या माहेरी भाऊ पुष्कळ, सासरी दीर. तिनं आयुष्यभर वाढलेलंच. एकदा सहज बोलून गेली, "मला लगनात तेवढं वाढलं होतं कुणी. तवा भूकच न्हवती."

बावाजींची एक चाल होती. त्यांचं नवं वर्ष भादव्यात यायचं. त्या दिवशी हॉटेलातल्या एका नोकरानं आपल्या घरच्यांना आणायचं आणि त्यांना दुपारी मेजावर साहेबासारखं जेवू घालायचं. दरवर्षी एकाची पाळी. स्वयंपाक्यानं म्हातारी आई आणली. पाणक्यानं बायको आणि मेहुणी आणली, तर त्या मेहुणीनं काट्यानं केस खाजवले, यावर आम्ही महिनाभर हसलो. माझी पाळी आली की मी पुढं ढकलायचो. ती माहेरी गेली, तिला बरं नाही, काहीही. खरं कारण ते काट्याचं हसू होतं. मी ज्यांच्याबरोबर हसलो होतो ते गिरजाला हसतील, याची मला धास्ती.

एका वर्षी ज्वारी निवडता निवडता तिनं विचारलं, "अवो, त्या पारशाचं नवं वर्स कवा असतं?"

तिला सगळं माहीत होतं. गल्लीत पाणक्याची बायको होतीच. मी म्हटलं, "याच पंधरवड्यात. तू येतीस?" ती म्हणाली, "मला काय. तुमी म्हणाल तसं." आणि दुसऱ्या दिवशी मी आलो तर तिनं पेटीतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलेलं.

ती आली ती मागच्या दारानं. चाचांनी खिडकीजवळचं कोपऱ्यातलं मेज ठेवलं होतं. बाजूच्या मेजावर तहसीलदार आणि मुंबईचा एक कापूसवाला. ती खुर्चीच्या अगदी काठावर बसली. मी पांढरा कोट आणि फेटा घालून समोर उभा राहिलो तर पहिल्या क्षणी तिनं मला ओळखलंच नाही, पदर पुढं ओढला. मग ओळखलं आणि हळूच म्हणाली, "तुमी बसत न्हाई?"

"मी कसा बसू, बाईसाहेब?"

बाईसाहेब म्हटल्यावर ती मान खाली घालून हसली. मला फार आनंद झाला. मी ठरवलं होतं की तालुकदाराला वाढतो त्याहून कणभर कमी वाढायचं नाही. सूप आणलं, तिनं दोन चमचे घेतले. "आणखी?" "नको." उचललं. कटलेट आणले. एक घेतलं. "आणखी एक?" "नको." पुढं गेलो. पुलाव, "नको." दर नकोला मी अदबीनं मान लववायचो आणि डावीकडून मागं सरायचो. मला वाटत होतं, हिला आयुष्यात कुणी एवढा मान दिला नसेल.

ती पंगतीतल्यासारखा बशीवर हात आडवा धरत होती. बोटं फाकलेली. ते मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणण्याची सोय मला नाही, कारण ते बघणं हाच माझा धंदा. पण मी त्या दिवशी साहेबाच्या हॉटेलात होतो आणि तिथं बोटं बघायची नसतात.

शेवटी कस्टर आलं. मी मुद्दाम बशी जरा उंच धरून आणली. ते हाललं. गिरजा त्याच्याकडे बघत राहिली आणि मोठ्यानं हसली. पदर नाही, काही नाही, शेतात बाया हसतात तसं. तहसीलदारांनी मान वळवून पाहिलं. कापूसवाल्यानं पाहिलं. ती एकदम आक्रसली, मान खाली घातली. मी बशी तिच्या डाव्या हाताला धरून उभा.

"घेणार, बाईसाहेब?"

"नको."

आता जे लिहितोय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तिनं नको म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या मेजावरून माझं हसं होण्याआधी ती उठेल, सुटलो, असं वाटलं. मी मान लववली आणि बशी घेऊन आत गेलो.

आत चाचांनी अख्खं कस्टर परत आलेलं पाहिलं. "खाई नहीं?"

"नक्को बोली."

"कितने बार पूछा?"

"एक बार."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "पागल है क्या रे लछमन. मैं साहब लोगां का बोला था. घरवाली कू भी एकीच बार?" त्यांनी बशी माझ्या हातात परत दिली. "जा. बैठ उसके सामने. खिला."

तेवढ्यात बाहेर तहसीलदारांच्या मेजावर घंटी वाजली. चाचा म्हणाले, मैं देखता हूँ. पण माझ्या हातापायांना सवय लागलेली. मी बशी ओट्यावर ठेवली आणि घंटीकडे गेलो. त्यांना नुसतं पाणी हवं होतं. मी वळलो तर कोपऱ्यातलं मेज रिकामं. मांडीवर टाकायचा रुमाल तिनं लुगड्याची घडी घालतात तसा चारपदरी घडी घालून ठेवलेला.

दुपारी घरी गेलो. दाराकडे पाठ करून ती भाकरी आणि जवसाची चटणी खात होती. भराभर.

"काहून गं? पोट भरलं न्हाई?"

"भरलं की." मग तक्रार नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, "तुमी परत म्हणलाच न्हाई."

देशमुखाच्या गोष्टीला ती 'बिचारा' म्हणाली होती, एवढंच डोक्यात. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, माझ्यापुढं धरला. "घ्या." मी म्हटलं, नको. "घ्या." नको गं. "घ्या हो, तुमी तरी कुठं खाल्लंय," म्हणाली आणि माझा हात ओढून त्यात ठेवला. त्या जवसाच्या चटणीची चव माझ्या जिभेवर अजून आहे. मेजाच्या हॉटेलात मी इतकी वर्षं काढली, पण त्या जागेची म्हणून चव आठवायला गेलो की तीच आठवते.

मी भरपाई करायला गेलो नाही असं नाही. एकदा चाचांनी आपणहून वेगळं कस्टर केलं आणि मी वाटीत झाकून घरी नेलं. गंजातल्या गाड्यांमधून वाट काढताना, धक्के खाताना त्याचं पिठलं झालं. तिनं बोटानं चाखलं. "ग्वाड हाय," म्हणाली. "पन हे हालंना." दोघंही हसलो. पुढच्या पाळीला पुन्हा मेजावर बसवीन, समोर खुर्ची घेऊन बसेन आणि शंभरदा विचारीन, असं मी मनात धरलं होतं. तिला बोललो मात्र नाही. मग लढाई लागली, साखर मिळेना, बावाजींनी ती चाल बंद केली. पाळी आलीच नाही.

पुढं दिवस बिघडत गेले. रझाकारांचा तो काळ इथल्या लोकांना सांगायला नको. गाडीतून उतरणारी माणसं आटली. बावाजी थोड्या दिवसांसाठी म्हणून नागपूरकडे गेले. जाताना कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "लक्ष्मण, बशा सांभाळ." मी आणि चाचा रिकाम्या हॉटेलात रोज दुपारी बशा काढून पुसायचो आणि परत ठेवायचो. कुणी जेवायला नव्हतं. चाचा तरी मेज मांडायचे. एकदा म्हणाले, "लोगां अच्छे थे रे, लछमन," आणि कुणाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. गल्लीतली घरं एकेक करून बंद व्हायला लागली. ज्यांचं कुणी वऱ्हाडात होतं ते पैनगंगा ओलांडून जात होते.

गिरजाचा मामा नदीपलीकडच्या गावात होता. ती तिकडं गेली, आणि पावसाळ्यात तापानं तिथंच वारली. मला कळलं ते पोलिस कारवाई होऊन रस्ते मोकळे झाल्यावर. तोवर तिचं दिवसपाणीही मामानं उरकलेलं होतं. बावाजी परत आले, पण हॉटेल चालवायला नव्हे. सामान एका व्यापाऱ्याला विकलं. ज्या बशांसाठी मी मागं राहिलो त्या गवतात बांधून गाडीत चढवल्या, त्याही मीच. चाचा लेकीकडे हैदराबादला गेले. मी कळमनुरीला आलो.

ती नदीपलीकडे गेली तो दिवस तेवढा सांगायचा राहिला.

गल्लीतल्या दोन-तीन घरांबरोबर एका गाडीत आम्ही पैनगंगेपर्यंत गेलो. उन्हाळा होता, पात्र उतरलेलं, गुडघाभर पाणी. सकाळची वेळ. बाकीचे लोक पोरं खांद्यावर घेऊन पाण्यात उतरले. गाडी इकडूनच परतणार होती. गिरजानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी बी चला."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू. मी धोतर वर खोचलेलंसुद्धा होतं. पण कुरुंद्याच्या माणसाला एकदा म्हटल्यावर लगेच व्हय म्हणता येत नाही. मी म्हटलं, "नको. बावाजीचं सामान हाय माझ्यावर." आणि थांबलो. ती पुन्हा म्हणेल, मग मी अजून एकदा आढेवेढे घेईन, मग ती हात ओढेल आणि मी जाईन, असं सगळं माझ्या मनात तयार होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हसली. "बरं," म्हणाली. "तुमच्या हॉटेलात येकदाच इचारत्यात, न्हाई का?"

ती थट्टा होती. तिच्यात राग नव्हता, मी तो आवाज ओळखतो. थट्टेवर मी काही बोलेन म्हणून ती क्षणभर थांबलीही असेल. मी पण हसलो. नुसता हसलो. तिनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली.

पात्राच्या मध्यावर ती उभी राहिली आणि मागं वळली. मी तिथंच होतो, खोचलेल्या धोतरानं, पाण्याच्या कडेला. "जावा आता," ती ओरडून म्हणाली, "नका थांबू." एका हातानं डोक्यावरचं गाठोडं धरलं होतं, दुसरा हात तिनं माझ्याकडे आडवा केला, पुरे म्हणताना करतात तसा.

बोटं फाकलेली होती.